पाणी नाही, हे कोण सांगणार?

दरवर्षी 1 जुलैला नांदेड जिल्ह्यातल्या धर्माबाद तालुक्यात, गोदावरीवरच्या बाभळी बंधाऱ्यावर सरकारी गाड्या येऊन थांबतात. त्यातून महाराष्ट्राचे अधिकारी उतरतात, तेलंगणाचे उतरतात आणि केंद्रीय जल आयोगाचेही. सगळ्यांच्या साक्षीनं बंधाऱ्याचे 14 दरवाजे वर उचलले जातात. 28 ऑक्टोबरपर्यंत ते वरच राहतात, म्हणजे नेमका पावसाळाभर. 29 तारखेला ते खाली येतात. पुढे 1 मार्चला 0.6 टीएमसी पाणी तेलंगणासाठी सोडायचं. हे वेळापत्रक सर्वोच्च न्यायालयाच्या 28 फेब्रुवारी 2013 च्या निकालातून आलेलं आहे.

आमच्या भागात या वेळापत्रकाला शिव्या न देणारा माणूस सापडणं कठीण. पूर येतो तेव्हा दरवाजे उघडे आणि पूर ओसरला की बंद. बऱ्याच वर्षी दरवाजे पडतात तेव्हा अडवायला फारसं पाणीच उरलेलं नसतं. नदी आपली, बंधारा आपला, पैसा आपला, आणि पाणी मात्र खाली श्रीरामसागरात. ही तक्रार खोटी नाही.

पण मला त्यात एक वेगळी गोष्ट दिसते. 2006 मध्ये आंध्र प्रदेश या बंधाऱ्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेला. 2010 च्या जुलैत चंद्राबाबू नायडू आपले आमदार घेऊन बंधाऱ्याकडे निघाले आणि महाराष्ट्र पोलिसांनी त्यांना अटक केली. इतकं वैर होतं. आज तीच माणसं नाही, पण त्याच दोन बाजूंची माणसं ठरल्या दिवशी शेजारी उभी राहतात, सह्या करतात आणि घरी जातात. कुणाला आवडलं नाही तरी आज काय होणार हे सगळ्यांना माहीत असतं.

आता नदीच्या काठानं वर चला. नांदेड शहराला लागून विष्णुपुरी. इथे पाण्यावर हक्क सांगणारी सगळी कार्यालयं एकाच राज्याची, बहुतेक एकाच जिल्ह्यातली. अधिकारी एकाच मंत्रालयाला पत्रं लिहितात, एकाच झेंड्याला सलाम करतात. आणि इथे मात्र टंचाईच्या वर्षी उद्या काय होणार हे कुणालाच ठाऊक नसतं. वाटण्या झालेले भाऊ सणाला एकमेकांकडे जेवायला जातात आणि एकत्र राहणारे रोज भांडतात, तसं काहीसं हे आहे. असं का होतं आणि त्यात नैतिकदृष्ट्या काय चूक आहे, हा या लेखाचा प्रश्न.

लवकर भरणारं, लवकर रिकामं होणारं

विष्णुपुरीचा जलाशय म्हणजे शंकरसागर. शंकरराव चव्हाणांचं नाव त्याला दिलेलं आहे. काळेश्वराच्या मंदिराजवळ उभं राहून बघितलं तर पाणी अथांग वाटतं. विद्यापीठातली, इंजिनिअरिंगची, मेडिकलची पोरं संध्याकाळी तिथे येऊन बसतात आणि मागे पाणी घेऊन सेल्फी काढतात. पण आकड्यांत बघितलं तर हा जलाशय लहान आहे. उपयुक्त साठा साधारण 80 दशलक्ष घनमीटर. वरच्या जायकवाडीचा 2171. म्हणजे जायकवाडीच्या पोटात अशा पंचवीसहून जास्त विष्णुपुरी मावतील.

लहान असल्यामुळे तो भराभर भरतो. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये दरवाजे उघडावे लागतात, नांदेडच्या सखल वस्त्यांत पाणी शिरतं, बातम्यांत पूर दिसतो. आणि पुढच्या एप्रिलमध्ये त्याच बातम्यांत तडे गेलेला तळ दिसतो. पूर आणि टंचाई यांच्यात इथे सहा-आठ महिन्यांचं अंतर असतं.

या 80 दशलक्ष घनमीटरवर कोण कोण अवलंबून आहे बघा. उपसा सिंचन योजना, जी मोठमोठ्या पंपांनी पाणी वर चढवून कालव्यात टाकते. तो जलसंपदा विभागाचा विषय. नांदेड शहराचं पिण्याचं पाणी, जे महापालिकेकडे, म्हणजे नगरविकासाकडे. काठावरच्या गावांच्या नळयोजना, ज्या पाणीपुरवठा विभागाकडे. कारखाने उद्योग खात्याकडे. दोन्ही काठांवरच्या शेतकऱ्यांच्या मोटारी, ज्यांचा पाणी परवाना एका खात्याचा आणि वीजजोड दुसऱ्याचा. काठालगतच्या विहिरी भूजल यंत्रणेच्या नोंदीत. नदीचं पाणी झिरपून विहिरीत गेलं की कागदावर त्याचं खातं बदलतं. वरच्या ओढ्या-नाल्यांवरचे छोटे बंधारे मृद व जलसंधारणाचे. आणि टंचाई जाहीर झाली की सगळ्यांच्या वर जिल्हाधिकारी, म्हणजे महसूल.

त्यात नदी एका जिल्ह्यात थांबत नाही. वर परभणी जिल्ह्यात दिग्रसचा बंधारा आहे. त्यातलं पाणी विष्णुपुरीसाठी खाली सोडायचं की नाही, यावर टंचाईत परभणी आणि नांदेड समोरासमोर येतात. दोन्ही जिल्ह्यांचे लोकप्रतिनिधी आपापल्या लोकांच्या बाजूनं बोलतात. त्यांनी तसंच बोलायला हवं, त्यासाठीच त्यांना निवडून दिलेलं असतं.

सगळे बरोबर, तरीही

माझे मामा विष्णुपुरीच्या वरच्या अंगाला, गोदाकाठच्या एका गावात शेती करतात. हळद आणि थोडी केळी. मी नांदेड शहरात राहतो. माझ्या नळाला येणारं पाणी त्यांच्या मोटारीसमोरूनच वाहत येतं.

एका टंचाईच्या उन्हाळ्यात मामांच्या काठावर पथक आलं. जलाशयात उरलेलं पाणी पिण्यासाठी राखीव झालं होतं आणि मोटारी बंद करायच्या होत्या. डीपीवरून वीज तोडली, काही मोटारी उचलून नेल्या. मामांकडे उपशाचा परवाना होता, पाणीपट्टीची पावती होती. पथकातल्या एकानं सांगितलं, परवाना ज्यांनी दिला त्यांना विचारा. तिथे गेले तर उत्तर मिळालं, राखीव आम्ही केलं नाही, वरून आदेश आहे. वर गेले तर कळलं, आदेश पिण्याच्या पाण्याचा आहे, वीज तोडायचं तपशिलात आम्ही सांगितलं नव्हतं. दहा दिवस ते मोटारसायकलवरून फिरत राहिले. हळद वाळली.

मला ते रागानं काहीच बोलले नाहीत. म्हणाले, "तुमच्या नळाला पाणी पायजे, हे मला कळतंय बाबा. लेकरं तहानलेली ठेवून मी हळद भिजवीन का? पण मला नाही म्हनायला तरी कोनी समोर यावं. ह्यो म्हनतो त्यानं नाही म्हनलं, त्यो म्हनतो ह्यानं."

या वाक्यावर मी बरेच दिवस विचार केला. मामांची तक्रार पाणी न मिळाल्याची नव्हतीच. पाणी कमी असेल तर कुणाला तरी नाही म्हणावंच लागतं, हे शेतकऱ्याइतकं कुणाला कळतं? तक्रार ही होती की नकार तर मिळाला, पण नकार देणारा माणूस मात्र सापडला नाही.

त्या साखळीतल्या कुणाचं चुकलं? परवाना देणाऱ्यानं नियमानं परवाना दिला. पाणी राखून ठेवणाऱ्यानं शहराची तहान बघितली. वीज तोडणाऱ्यानं आदेश पाळला. प्रत्येकाची फाईल स्वच्छ आहे. उद्या चौकशी लागली तर सगळे निर्दोष सुटतील, आणि सुटायलाच हवेत. तरीही एका माणसावर अन्याय झालाय.

डेनिस थॉम्पसन या अमेरिकन राजकीय विचारवंतानं 1980 मध्ये या गोष्टीला एक नाव दिलं, 'अनेक हातांचा प्रश्न'. एखाद्या निर्णयात इतके हात गुंतलेले असतात की परिणामाची जबाबदारी कुठल्याच एका हातावर ठेवता येत नाही. आपल्याकडे म्हणतात, एक ना धड, भाराभर चिंध्या. पण या म्हणीत हसू आहे. प्रत्यक्षात ज्याच्यावर हे बेततं त्याला हसू येत नाही. कारण न्याय म्हणजे नुसती योग्य वाटणी नव्हे. ज्याला कमी मिळालं त्याला समोर बसवून का कमी दिलं हे सांगणं, हाही न्यायाचाच भाग आहे. ते सांगणारं कुणी नसेल तर वाटणी बरोबर असूनही तिला न्याय म्हणता येत नाही.

एकच मालक नेमला तर?

यावर पहिलं उत्तर सगळ्यांना सुचतं. इतकी खाती कशाला? एकाच्या हातात सगळं द्या.

तसं झालेलं आपण पाहिलंय. 2016 च्या मार्चमध्ये लातुरात पाण्याच्या टाक्यांभोवती आणि टँकर भरण्याच्या जागांवर 144 कलम लावलं गेलं. जमावबंदी, पाण्यासाठी! एप्रिलमध्ये मिरजेहून 'जलदूत' रेल्वे आली. पहिल्या फेरीत 10 वाघिणी, 5 लाख लिटर पाणी. संकटाच्या वेळी एकहाती कारभार किती वेगानं चालतो, हे त्या रेल्वेनं दाखवलं. ज्यांनी ती चालवली त्यांचे आभारच मानायला हवेत.

पण रेल्वे स्टेशनात आली तोवर खरे निर्णय होऊन गेले होते. मांजरा धरण कोरडं पडलं ते एका उन्हाळ्यात नाही. कमी पावसाच्या खोऱ्यात ऊस वाढत गेला, कारखान्यांना परवाने मिळत गेले, बोअर खोल जात राहिले. या प्रत्येक टप्प्यावर कुठलं तरी खातं आपलं काम चोख करत होतं. एकहाती कारभार आला तेव्हा वाटायला काही उरलंच नव्हतं, फक्त शिस्त लावायची उरली होती.

दुसरं उत्तर न्यायालय. त्याच 2016 मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं 30 एप्रिलनंतरचे आयपीएलचे सामने महाराष्ट्राबाहेर न्यायला लावले. मैदानावर किती पाणी लागतं हा प्रश्न लहान होता, पण तो कुणीतरी विचारला याचं समाधान वाटलं. मात्र न्यायालयाची अडचण अशी की ते समोर आलेल्या प्रकरणाचाच निवाडा करू शकतं. बाभळीच्या निकालाला सात वर्षं लागली. हळद सात दिवसही थांबत नाही.

आणि एकच मालक नेमण्यात एक खोल धोका आहे. खाती भांडतात तेव्हा निदान प्रत्येकाच्या बाजूनं कुणीतरी बोलत असतं. 2003 च्या राज्य जलनीतीत पाणीवाटपाचा क्रम पिण्याचं पाणी, मग उद्योग, मग शेती असा होता. शेतीच्या बाजूनं आरडाओरड झाली म्हणून 2011 मध्ये शेती दुसऱ्या क्रमांकावर आली. भांडण झालं नसतं तर तो क्रम शांतपणे तसाच राहिला असता. एका छताखाली सगळं गप्प असतं, त्याचा अर्थ बऱ्याचदा एवढाच असतो की दुबळ्या बाजूला बोलायला जागा उरलेली नाही.

म्हणून खात्यांचं भांडण मला रोग वाटत नाही. ते चुकीच्या महिन्यात होतं, एवढीच माझी तक्रार आहे.

भांडायचं कधी?

1971 साली जॉन रॉल्स या तत्त्वज्ञानं 'अ थिअरी ऑफ जस्टिस' या पुस्तकात एक कल्पना मांडली. समाजाचे नियम ठरवायला बसलेल्या माणसांसमोर अज्ञानाचा पडदा आहे असं समजा. मी श्रीमंत असेन की गरीब, धडधाकट की आजारी, हे कुणालाच माहीत नाही. मग ते जे नियम ठरवतील ते न्याय्य असतील, कारण स्वतः कुठल्या बाजूला पडणार हे माहीत नसल्यामुळे प्रत्येक जण सगळ्यात वाईट जागेचाही विचार करेल.

कल्पना सुंदर आहे, पण असा पडदा आणायचा कुठून, असं तिच्याबद्दल नेहमी विचारलं जातं. मराठवाड्यात तो दरवर्षी आपोआप येतो. जूनच्या पहिल्या आठवड्यात कुठलं धरण भरेल, कुठलं कोरडं राहील, हे सांगता येत नाही. ना मंत्र्याला, ना हवामानखात्याला, ना बांधावरच्या म्हाताऱ्याला. परभणीवर पाऊस पडून नांदेड कोरडं राहू शकतं किंवा उलट. तो पडदा ऑक्टोबरमध्ये उठतो.

आणि आपल्या वाटपाच्या बैठका नेमक्या पडदा उठल्यावर सुरू होतात. साठा मोजला जातो, पालकमंत्र्यांच्या अध्यक्षतेखाली कालवा सल्लागार समिती बसते, रब्बीला किती आवर्तनं द्यायची ते ठरतं, पिण्यासाठी किती राखायचं ते ठरतं. तोवर ज्याच्याकडे पाणी आहे त्याला ते दिसत असतं. भरलेल्या धरणाशेजारी उभं राहून उदार होणं अवघड असतं, आणि रिकाम्या धरणाशेजारी उभं राहून समंजस होणं त्याहून अवघड.

किती पाणी आहे हे ऑक्टोबरमध्येच मोजावं लागणार. पण इतकं असेल तर कुणाला किती आणि कुणाचं आधी कापायचं, हे जूनमध्ये ठरवता येतं. गोदावरीच्या वरच्या भागात याचा एक नमुना आहे. मेंढेगिरी समितीनं 2013 मध्ये तक्ता दिला. 15 ऑक्टोबरला जायकवाडीची स्थिती 65 टक्क्यांच्या खाली असेल तर नाशिक-नगरच्या धरणांतून किती पाणी सोडायचं, हे त्यात पायऱ्यापायऱ्यांनी मांडलंय. 2005 च्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरण कायद्यात समन्यायी वाटपाचं कलम आहे, त्यावर हा सगळा डोलारा उभा. 2016 च्या सप्टेंबरमध्ये उच्च न्यायालयानंही समन्यायी वाटपाची बाजू उचलून धरली. 65 या आकड्यावर अजून वाद आहे. असू दे. निदान वाद घालायला एक आकडा तरी आहे.

हा तक्ता जायकवाडीच्या वरच्या धरणांसाठी. जायकवाडीच्या खाली, विष्णुपुरीच्या काठावरच्या मामांना दाखवता येईल असा कागद कुठला?

नियम आंधळा असतो त्याचं काय?

इथे कुणी विचारेल, की आधी लिहिलेला नियम म्हणजे पुन्हा बाभळीच ना? समोर पाणी वाहून चाललंय आणि तारीख आली नाही म्हणून दरवाजे उघडे.

हा आक्षेप मी टाळणार नाही. अ‍ॅरिस्टॉटलनं 'निकोमाखियन एथिक्स'मध्ये यावर एक छान उदाहरण दिलंय. लेस्बॉस बेटावरचे गवंडी शिशाची पट्टी वापरत. दगड ओबडधोबड असेल तर पट्टी त्याच्या आकाराप्रमाणे वाकायची. त्याच्या मते कायदा सर्वसाधारण असतो, आणि जिथे तो कमी पडतो तिथे न्यायबुद्धीनं असं वाकायला हवं.

बाभळीचं वेळापत्रक लोखंडाचं आहे. त्यात पावसाकडे बघण्याची सोय नाही, फक्त कॅलेंडर आहे. जायकवाडीचा तक्ता शिशाच्या जवळ जातो, कारण साठा बदलला की वाटा बदलतो. तो वाकतो, पण किती वाकायचं हेही आधीच लिहिलेलं आहे. आणि विष्णुपुरीच्या टंचाईत आपण जे करतो त्यात पट्टीच नसते. ज्याचा फोन मोठा त्याच्या बाजूनं माप पडतं.

पडदाही पूर्ण जाड नसतो, हे मान्य. वरच्याला आपण वर आहोत हे जूनमध्येही माहीत असतं. शहराला माहीत असतं की पिण्याच्या पाण्याचा क्रम पहिला, त्यामुळे त्याला फारशी धास्ती नसते. शहराला हे सोपं जाऊ नये म्हणून एक गोष्ट जूनमध्येच लिहून घ्यायला हवी. 'पिण्याचं पाणी' म्हणजे नक्की किती? पहिला क्रम तहानेला आहे, पाइपलाइनला नाही. त्याच पाइपातून गाडी धुतली जाते, गळतीतून रस्ता भिजतो, आणि त्या सगळ्याला 'पिण्यासाठी राखीव' हेच नाव मिळतं. मामांची हळद माझ्या तहानेसाठी वाळली असेल तर त्यांना ते पटतं. माझ्या सोसायटीच्या ओसंडून वाहणाऱ्या टाकीसाठी वाळली असेल तर ते कुठल्या तोंडानं पटवून सांगणार?

आणि काहींच्या बाजूनं बोलणारं खातंच नसतं. कालव्याच्या शेपटाकडचा शेतकरी, ज्याच्यापर्यंत आवर्तन पोचतच नाही. पूर्ण कोरडवाहू गावातला, ज्याला या धरणाचं काहीच मिळत नाही पण टंचाईचा चटका सगळ्यात आधी बसतो. काठावरची मजुरीवर जगणारी बाई, जिच्या नावावर ना जमीन ना परवाना. आणि स्वतः नदी. शंकरराव चव्हाण मुख्यमंत्री असताना, ऐंशीच्या दशकात, 'आठमाही' पाण्याचं धोरण पुढे आलं. थोड्यांना बारमाही देण्यापेक्षा जास्तांना आठ महिने द्यावं, असा त्यामागचा विचार. त्याचं पुढे काय झालं हे ऊस बघून कळतं. पण ज्यांचं खातं नाही अशांचा विचार सरकारच्या धोरणात शिरू शकतो, याचा तो पुरावा आहे.

मी मागतोय ते फार मोठं नाही. नवं प्राधिकरण नको, सगळ्या खात्यांचं विलीनीकरण नको. भांडा, पण जूनमध्ये भांडा. मग एक कागद काढा आणि विष्णुपुरीवर जगणाऱ्या प्रत्येक ग्रामपंचायतीच्या भिंतीवर आणि प्रत्येक वॉर्डात लावा. 15 ऑक्टोबरला साठा इतका असेल तर शहराला माणशी इतके लिटर, शेतीला इतकी आवर्तनं, मोटारी अमुक तारखेपर्यंत. त्याहून कमी असेल तर आधी हे बंद, मग ते. बंद झालं तर भरपाई कुणी द्यायची, तेही. आणि खाली एक सही, नावानिशी आणि फोन नंबरसह.

त्या कागदानं पाणी वाढणार नाही. पण ऑक्टोबरमध्ये मामा तो वाचतील, हिशोब करतील आणि कदाचित त्या वर्षी हळदीऐवजी हरभरा पेरतील. पटलं नाही तर सही करणाऱ्याला फोन लावून भांडतील. समोरच्याला उत्तर द्यावं लागेल. सरकार आणि नागरिक यांच्यात पाण्याबद्दल बोलणं सुरू होतं ते तिथून.